टाळ्यांचे देणे

आपल्याला आनंद देता देता एखादा माणूस कायमचा जायबंदी झाला, तर आनंद घेणाऱ्यांकडे त्याचे काही देणे निघते काय? सर्कशीच्या तंबूत झुल्यावरून कोणी कोसळले की हा प्रश्न क्षणभर मनात येतो आणि विदूषक पुढे आला की विसरला जातो. आम्हीही तो अनेकदा असाच विसरलो आहोत. या वेळी मात्र विसरता आला नाही, कारण तो आमच्या मेलबर्नमधल्या भाच्याने फोनवर विचारला, आणि आमच्याकडे उत्तर नव्हते.

भाचा तिकडे जाऊन पंधराएक वर्षे झाली. गेला तेव्हा क्रिकेटखेरीज दुसरा खेळ त्याला ठाऊक नव्हता. आता हिवाळ्यातला शनिवार-रविवार त्याच्या घरी फुटबॉलचा असतो. हा फुटबॉल आपण समजतो तो नव्हे. मैदान लांबट गोल, चेंडूही लांबट, एका बाजूला १८ खेळाडू. चेंडू हातात घेऊन पळता येते, पायाने मारता येतो, मुठीने ठोसून साथीदाराला देता येतो. फेकता मात्र येत नाही. ऑफसाइड नावाचा प्रकार नाही, त्यामुळे धडक समोरून, बाजूने, मागून, कुठूनही येते. आणि अमेरिकन फुटबॉलसारखी चिलखते इथे कोणी घालत नाही. ज्या मेलबर्न क्रिकेट ग्राउंडला आपण कसोटी सामन्यांमुळे ओळखतो, तेच या खेळाचे मोठे घर. ज्या क्लबचा भाचा पाठीराखा झाला तो मेलबर्न फुटबॉल क्लब १८५८ सालचा आणि या खेळाचे पहिले लेखी नियम १८५९ सालचे. म्हणजे हे वेड आपल्या क्रिकेटवेडाहून जुने आहे.

या क्लबच्या चाहत्यांनी एक गोष्ट भोगली होती, ती समजल्याशिवाय पुढचे समजणार नाही. १९६४ साली त्यांनी अजिंक्यपद मिळवले आणि त्यानंतर ५७ वर्षे काहीच नाही. बापांनी मुलांना, मुलांनी नातवंडांना ही वाट पाहणे वारसा म्हणून दिले. शेवटी २५ सप्टेंबर २०२१ रोजी अजिंक्यपद आले. कोविडमुळे अंतिम सामना पर्थला हलवलेला. मेलबर्न शहर टाळेबंदीत, लोक आपापल्या दिवाणखान्यात. वेस्टर्न बुलडॉग्जचा ७४ गुणांनी पराभव झाला आणि लोक घरातल्या घरात रडले. त्या संघात अँगस ब्रेशॉ हा खेळाडू होता.

ब्रेशॉचे घराणेच खेळाडूंचे. वडील मार्क नॉर्थ मेलबर्नकडून खेळलेले, दोन भाऊ याच खेळात, आणि आजोबा इयान ब्रेशॉ यांनी वेस्टर्न ऑस्ट्रेलियाकडून क्रिकेट खेळताना एका डावात दहाच्या दहा बळी घेतले होते. अँगसला मेलबर्नने २०१४च्या खेळाडू-निवडीत तिसऱ्या क्रमांकावर घेतले. वय १८. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याच्या मेंदूला वारंवार हादरे बसले, ज्याला तिकडे कन्कशन म्हणतात. तो परत आला तेव्हा त्याच्या डोक्यावर मऊ हेल्मेट होते. असले हेल्मेट कवटीला खरचटण्यापासून वाचवते, पण आत मेंदू हलतो तो थांबवू शकत नाही. चाहत्यांना मात्र ते हेल्मेट फार आवडे. त्यांना त्यात पोराची जिद्द दिसे. २०१८ साली मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या ब्राउनलो पदकासाठीच्या मतांत तो तिसरा आला.

७ सप्टेंबर २०२३. बाद फेरीचा पहिला सामना, मेलबर्न विरुद्ध कॉलिंगवूड, मैदानात ९०,००० हून अधिक माणसे. पहिल्याच सत्रात ब्रेशॉने पळता पळता चेंडू मारला. कॉलिंगवूडचा ब्रेडन मेनार्ड तो चेंडू अडवायला हात वर करून हवेत झेपावला. चेंडू निघून गेला, मेनार्ड हवेतच राहिला, खाली येता येता त्याने अंग वळवले आणि त्याचा खांदा ब्रेशॉच्या डोक्यावर आदळला. ब्रेशॉ जागच्या जागी बेशुद्ध. त्याला बाहेर नेण्यात आले आणि खेळ पुढे चालू झाला. उरलेल्या वेळात मेनार्डकडे चेंडू गेला की मेलबर्नचे चाहते त्याची हुर्यो उडवत होते. कॉलिंगवूड ७ गुणांनी जिंकले.

मेनार्डवर निष्काळजीपणाचा आरोप ठेवून त्याला थेट खेळाच्या शिस्त-न्यायाधिकरणापुढे उभे करण्यात आले. त्याच्या बाजूने तज्ज्ञाची साक्ष झाली. माणूस एकदा हवेत उडाला की विचार करून अंग आवरायला लागणारा वेळ त्याच्यापाशी उरत नाही, असा त्या साक्षीचा आशय. १२ सप्टेंबरला मेनार्ड निर्दोष सुटला. महिनाअखेरीस तो अजिंक्यपदाचे पदक गळ्यात घालून उभा होता. मधल्या काळात तो ब्रेशॉच्या घरी भेटायला गेला होता, आणि त्या भेटीवरूनही लोकांत दोन तट पडले. एक म्हणे, माणुसकी. दुसरा म्हणे, सुनावणीपूर्वीची तयारी. दुसऱ्याच्या मनात शिरून नीयत वाचण्याची आपली हौस सगळीकडे सारखीच असते.

आणि मग २२ फेब्रुवारी २०२४. नव्या तपासणीत मेंदूत बदल दिसले होते, डॉक्टरांनी थांबायला सांगितले होते. ब्रेशॉने निवृत्ती जाहीर केली. वय २८, सामने १६७, करार २०२८पर्यंतचा.

त्या दिवशी भाच्याचा फोन आला. त्याच्या क्लबमध्ये सुतक असल्यासारखे वातावरण होते म्हणाला. लोक २०२१ची आठवण काढत होते, आभार मानत होते. पुष्कळ जण म्हणत होते, बरे झाले, आता तरी वेळेत थांबला. पुढे मुलाबाळांत सुखाने राहू दे. हे सगळे मनापासून होते, त्यात आम्हांला शंका नाही. एका गृहस्थांनी दुसऱ्याच मिनिटाला हिशेब मांडला, की आता पगाराच्या मर्यादेत किती जागा मोकळी होते आणि त्या जागी कोण आणता येईल. त्यांच्यावर बाकीचे तुटून पडले. आम्हांला वाटते, ते गृहस्थ निदान प्रामाणिक होते. इतरांनी तोच हिशेब आठवड्याने केला असेल.

पण सगळ्यांत मोठा आवाज रागाचा होता. मेनार्डने एका माणसाचे करिअर संपवले आणि त्याला एका सामन्याचीही शिक्षा झाली नाही. भाचाही तेच म्हणत होता. "मामू, इन्साफ नाही झाला," हे वाक्य त्याने तीनदा म्हटले.

इन्साफ कशाला म्हणायचे, हा प्रश्न आम्ही त्या रात्री उलटसुलट करून पाहिला. नीयत आणि खता हे शब्द आपल्या कानांवर लहानपणापासून असतात. मेनार्डची नीयत चेंडू अडवण्याची होती हे मान्य करायला आम्हांला अडचण वाटत नाही. पण नीयत साफ होती म्हणून ज्याचे नुकसान झाले त्याचे देणे फिटते, असे आपल्या जुन्या फिकहकारांनीही मानले नाही. चुकून झालेल्या इजेलाही त्यांनी भरपाई ठेवली. आणि त्यातली एक गोष्ट आम्हांला आज फार अर्थपूर्ण वाटते. हातून खता झाली तर दियतीचा बोजा त्या एकट्या माणसावर टाकायचा नाही. त्याच्या आकिलाने, म्हणजे त्याच्या मागे उभ्या असणाऱ्या गोतावळ्याने तो वाटून घ्यायचा. त्यामागचा विचार सरळ आहे. जाणूनबुजून केलेल्या गुन्ह्याचा धनी एकटा गुन्हेगार. अजाणता झालेल्या इजेत मात्र ज्यांच्यात तो वावरतो, ज्यांच्यासाठी लढतो, त्यांचाही वाटा असतो.

आता मेनार्डचा आकिला कोण? कॉलिंगवूडचे चाहते म्हणाले, हा खेळाचाच भाग होता, विषय संपला. खेळाचा भाग होता हे खरे असेल, तर मग तो खेळ ज्यांचा ज्यांचा त्या सर्वांकडे विषय जातो, संपत कसा? खेळ चालवणाऱ्या संघटनेने २०२४च्या मोसमासाठी नियमच बदलला. चेंडू अडवायला उडी मारून समोरच्याच्या डोक्याला इजा केली, तर सर्व वाजवी काळजी घेतली होती असे दिसल्याशिवाय ती निष्काळजीपणाच धरली जाईल. म्हणजे जी झेप सप्टेंबरमध्ये निर्दोष होती, ती पुढल्या मार्चमध्ये दोषी ठरली. झेप तीच. एवढ्या लवकर नियम बदलावा लागतो, तेव्हा आधीचा नियम अपुरा होता याची ती कबुलीच असते. आणि त्या अपुऱ्या नियमाखाली खेळून मोडलेल्या माणसाचे देणे मग एकट्या मेनार्डच्या माथी मारता येत नाही.

भाच्याला आम्ही हे सांगितले तेव्हा तो गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे आम्ही पण?"

होय, तेही. आणि त्यांना मेनार्ड इतका का हवाहवासा वाटत होता, याचे उत्तर आम्हांला इथेच सापडते. मेनार्ड दोषी असेल तर ब्रेशॉचा मेंदू त्या एका क्षणी, त्या एका खांद्याने दुखावला. बाकीचे सगळे स्वच्छ. पण ब्रेशॉचा मेंदू काय त्या एकाच संध्याकाळी दुखावला? आधीच्या हादऱ्यांनंतर तो परतला तेव्हा उभे राहून टाळ्या कोणी वाजवल्या? त्या टाळ्यांत वाईट काही नव्हते. पण त्या टाळ्या ऐकून एक विशीतला पोरगा घरी बसू शकला नसता, हेही तितकेच खरे.

याच देशातली दुसरी घटना आपल्या वाचकांच्या जास्त परिचयाची आहे. २५ नोव्हेंबर २०१४ रोजी सिडनीच्या मैदानावर शॉन अॅबटचा उसळता चेंडू फिलिप ह्यूजच्या मानेवर लागला आणि दोन दिवसांनी ह्यूज गेला. तेव्हा भारतीय संघ ऑस्ट्रेलियातच होता, पहिला कसोटी सामना पुढे ढकलावा लागला होता. त्या वेळी अॅबटची हुर्यो कोणी उडवली नाही. ह्यूजच्या जवळच्यांनीही त्या पोराला सांभाळून घेतले. तो परत मैदानात उतरला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. हाच देश, हीच माणसे. तिथे तर प्राण गेला होता. मग ब्रेशॉच्या वेळी एवढा द्वेष कुठून आला? आमच्या मते फरक झेंड्यांचा होता. ह्यूज गेला तेव्हा सगळे ऑस्ट्रेलियन एकाच बाजूला होते. इथे दोन टोळ्या होत्या, आणि दुःखाला शत्रू मिळाला की ते रागाचे कपडे घालते. रागात माणसाला बरे वाटते, हाच त्याचा धोका.

नियतीने यात आणखी एक गाठ मारून ठेवली. ज्या अंतिम सामन्यात मेनार्ड जिंकला, त्याच सामन्यात कॉलिंगवूडचाच बचावपटू नेथन मर्फी याच्या डोक्याला मार लागून तो बाहेर गेला. पदक मिळाले, पण एप्रिल २०२४मध्ये, वयाच्या २४व्या वर्षी, वैद्यकीय सल्ल्यावरून त्यालाही निवृत्त व्हावे लागले. ब्रेशॉनंतर दोन महिन्यांच्या आत. 'खेळाचा भाग' म्हणणारे आता आपल्या पोरासाठी रडत होते. त्यांना शत्रू मिळाला नाही, म्हणून त्यांचे दुःख शांत राहिले. दोन्ही तट आता एकाच जागी उभे होते, फक्त एकमेकांकडे पाहत नव्हते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. भाचाच म्हणाला, "मामू, कोणी जबरदस्ती नाही केली. तो आपल्या मर्जीने खेळला, भरपूर पैसे मिळाले." मर्जी ही मोठी गोष्ट आहे, प्रौढ माणसाची मर्जी नाकारणे म्हणजे त्याला पोर समजणे. पण मर्जीला माहितीचा आधार लागतो. वारंवार मेंदू हलल्याने पुढे सीटीई नावाचा जो आजार होतो, तो आजवर खात्रीने ओळखता येतो तो मेलेल्या माणसाच्या मेंदूची तपासणी करूनच. या खेळातला दिग्गज पॉली फार्मर २०१९ साली वारला. त्याच्या मेंदूत हा आजार असल्याचे २०२०मध्ये जाहीर झाले, आणि या खेळातला तो पहिला. त्याच वर्षी डॅनी फ्रॉलीबद्दल कळले. सेंट किल्डाचा हा कर्णधार २०१९मध्ये मोटार अपघातात गेला होता. मग शेन टक. मग हेदर अँडरसन, महिलांच्या स्पर्धेत खेळलेली, जिचे निदान २०२३च्या जुलैत जगापुढे आले. २०२३च्या मार्चमध्ये माजी खेळाडूंनी संघटनेवर सामूहिक दावा दाखल केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात हेच, की धोक्यापासून आमची राखण झाली नाही. आणि डॅनी फ्रॉली हे ब्रेशॉच्या सहचारिणीचे वडील. तो आजार त्या घराला पुस्तकातून कळलेला नव्हता. तरीही ब्रेशॉ परत खेळण्यासाठी धडपडत होता आणि शेवटी त्याला डॉक्टरांनी थांबवले. यातून मर्जीबद्दल काय समजायचे? १८ वर्षांच्या पोराला शहर डोक्यावर घेते, तेव्हा त्याची मर्जी पूर्णपणे त्याची राहते, असे छातीठोकपणे म्हणायला आम्ही धजत नाही.

२०१४च्या त्या खेळाडू-निवडीत पहिले नाव पॅडी मॅकार्टिनचे होते. मेंदूला वारंवार हादरे बसून २०२३च्या ऑगस्टमध्ये तोही थांबला. दुसरे नाव क्रिस्टियन पेट्राका, तिसरे ब्रेशॉ. पहिला आणि तिसरा तिशीआधीच गेले. दुसऱ्याची गोष्ट भाच्याने स्वतः पाहिली, आणि आमच्या बोलण्यापेक्षा त्या दिवसाने त्याला जास्त शिकवले.

१० जून २०२४. राजाच्या वाढदिवसाची सुट्टी, पुन्हा मेलबर्न विरुद्ध कॉलिंगवूड, तेच मैदान. भाचा नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन गेला होता. मेनार्डकडे चेंडू गेला की बाप ओरडायचा, बापाचे पाहून पोरगा ओरडायचा. पेट्राकाच्या बरगड्यांत प्रतिस्पर्ध्याचा गुडघा बसला. तो वेदनेने वाकून बाहेर गेला आणि काही वेळाने पुन्हा मैदानात उतरला. भाचा उभा राहिला. पोराला खांद्याशी धरून म्हणाला, "बघ, याला म्हणतात मर्द." दोघांनी टाळ्या वाजवल्या. रात्री बातमी आली. चार बरगड्या मोडल्या होत्या, प्लीहा फाटली होती, फुप्फुसाला छिद्र पडले होते, पेट्राका शस्त्रक्रियेच्या टेबलावर होता.

भाच्याने आम्हांला उठवले तेव्हा आमच्याकडे नुकतीच झोपायची वेळ झाली होती. आवाज बसलेला. "मामू, तो तिथं मरायला लागला होता आणि मी टाळ्या वाजवत होतो. पोराला दाखवत होतो."

त्याला आम्ही सांगितले, की तुला माहीत नव्हते. ते खरेच होते, तीही खताच. पण त्या उत्तराने त्याचे समाधान झाले नाही आणि आमचेही नाही. माहीत नव्हते, हे मेनार्डलाही म्हणता आले असते, आणि भाच्याने ते नऊ महिने ऐकून घेतले नव्हते.

खेळ पाहणे सोडावे काय? असे म्हणणारे लोक आहेत. आम्हांला ते सोपे वाटते, आणि जरा खोटेही. ज्याला त्या खेळात रस नाही त्याने तो सोडला तर त्यात त्याग कसला? आणि ब्रेशॉने आयुष्याची दहा वर्षे ज्यात घातली ते सगळे रानटी होते असे म्हणणे, हा त्याचा सन्मान नव्हे. देणे कुठे तरी मधे आहे. २०२१पासून कन्कशन झालेल्या खेळाडूला किमान १२ दिवस बाहेर बसवण्याचा नियम तिथे आला. त्या नियमामुळे आपला लाडका खेळाडू महत्त्वाच्या सामन्यात बसला, तर डॉक्टरला शिव्या कोण देतो? चाहताच. रक्त पुसून परत आलेल्याचे कौतुक आणि डॉक्टरचे ऐकून बाकावर बसलेल्याबद्दल कुजबूज, हे दर कोण ठरवते? बाजारात भाव गिऱ्हाईक ठरवते, आणि हिमतीचा भाव आपण ठरवत असतो. खेळाडू त्या भावाने अंग विकतात. भाव बदलणे आपल्या हातात आहे, निदान आपल्यापुरते तरी.

ब्रेशॉच्या निवृत्तीवर दुःख करणाऱ्यांतले किती जण पुढच्या वेळी एखाद्या पोराला बाकावर बसलेले पाहून टाळ्या वाजवतील, आम्ही सांगू शकत नाही. एकाचे तेवढे सांगतो.

गेल्या मोसमात भाच्याचा मुलगा पोरांच्या सामन्यात दुसऱ्या मुलावर आदळला आणि डोके धरून खाली बसला. मैदानाच्या कडेला उभ्या आईबापांनी सवयीने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, ऊठ, काही नाही झाले, शाब्बास. भाच्याचेही तोंड उघडले होते, तो स्वतःच सांगत होता. मग त्याने ते मिटले. आत जाऊन पोराला हाताला धरून बाहेर आणले. पोरगा रडत होता, त्याला परत खेळायचे होते, सगळे बघत होते आणि त्याला शरम वाटत होती. दुसऱ्या एका मुलाचा बाप जरा हसलाही म्हणे.

"मग तू काय केलंस?" आम्ही विचारले.

"काही नाही, मामू. त्याच्या शेजारी गवतावर बसलो. शेवटच्या शिटीपर्यंत."